थोर क्लब कोणाचा?

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या अंबरनाथच्या घरी कडाक्याचे भांडण झाले. आवाज एवढे चढले, की घराच्या वाटणीवरून जुंपली असे शेजाऱ्यांना वाटले असेल. तसे काही नव्हते. भांडण युरोपातल्या फुटबॉलचे होते, आणि ते चकलीच्या ताटाभोवती बसून चालले होते.

बदलापूरहून मुलगी, जावई आणि नातू फराळाला आले होते. सणाचा दिवस, म्हणून नातवाच्या अंगात नवा सदरा असेल अशी आमची आपली जुनी समजूत. पण त्याच्या अंगात होती रेआल माद्रिद क्लबची पांढरी शुभ्र जर्सी. ती माद्रिदहून आलेली नव्हती, उल्हासनगरच्या कॅम्पातून आली होती. मी तिचे कापड चिमटीत धरून पाहिले आणि सहज विचारले, “काय रे, हा क्लब एवढा मोठा कशाने?”

“आजोबा, पंधरा!” तो म्हणाला. “युरोपचा चषक पंधरा वेळा जिंकलाय. एवढे कोणाचेच नाहीत.”

जावईबापू बँकेत असतात. त्यांनी करंजी मोडता मोडता मान हलवली. “चषक मागाहून येतात, बाबा. आधी तिजोरी लागते. ज्याचं उत्पन्न मोठं तो क्लब मोठा. बाकीचं सगळं भावनेचं बोलणं.”

मी दोघांनाही म्हणालो, की तुम्ही चुकता आहात. तेथून जे पेटले, ते बायकोने ताटे उचलीपर्यंत विझले नाही. त्या दिवशी माझे म्हणणे मला धड मांडता आले नाही. भांडणात नेहमी असेच होते, चांगले मुद्दे दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचतात. म्हणून यंदा ते लिहूनच काढतो. वाचकांपैकी ज्यांना फुटबॉलमध्ये गोडी नाही, त्यांनीही कृपा करून पान उलटू नये. वाद चेंडूचा वाटला तरी तो आपल्या गावाचा आहे.

प्रथम नातवाचा मुद्दा घेऊ. चषक मोजून थोरवी ठरवायची तर हिशेब फार सोपा होतो, आणि फार सोपे हिशेब बहुधा चुकलेले असतात. इंग्लंडात नॉटिंगहॅम फॉरेस्ट नावाचा क्लब आहे. त्याने १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपचा चषक जिंकला. इटलीच्या युव्हेंटसच्या नावावरही तो चषक दोनदाच आहे, १९८५ आणि १९९६ साली. मोजणीने दोघे सारखे. पण मिलानच्या किंवा मुंबईच्या रस्त्यावर दहा जणांना विचारा, हे दोन क्लब एकाच तोलाचे आहेत का? दहाही जण तुमच्याकडे वेड्यासारखे बघतील. तोच फॉरेस्ट २००५ साली इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत घसरला, कपाटात युरोपचे दोन चषक चकाकत असताना!

उलट बाजू पाहा. स्पेनच्या बास्क मुलखात बिल्बाओ शहराचा अ‍ॅथलेटिक क्लब आहे, १८९८ सालचा. बास्क मातीत जन्मलेला किंवा तिथे खेळ शिकून घडलेला खेळाडूच घ्यायचा, असा त्याचा नेम आहे. साऱ्या जगातून खेळाडू विकत घेण्याच्या या काळात हा नेम म्हणजे एका हाताने पोहण्यासारखा. १९८४ नंतर या क्लबाला चाळीस वर्षे ना लीग मिळाली, ना राजाचा चषक. २०२४ साली तो चषक अखेर मिळाला, तेव्हा खेळाडूंना पडावात बसवून नदीतून मिरवत नेले आणि दोन्ही काठांवर लाखो माणसे उभी राहिली. त्या गर्दीत असे कितीतरी लोक असतील, की ज्यांचे अर्धे आयुष्य एका चषकाची वाट पाहण्यात गेले. ज्या क्लबासाठी माणसे चाळीस वर्षे वाट पाहतात, तो चषक येण्याच्या आदल्या दिवशी लहान होता काय? रेआल माद्रिदच्या पंधरा चषकांपुढे मी हात जोडतो. पण चषक ही थोरवीची मजुरी आहे, थोरवी नव्हे. मजुरी कधी मिळते, कधी बुडते. काम करणारा मात्र तोच असतो.

आता जावईबापूंची तिजोरी. त्यांनी पॅरिसचा दाखला दिला होता. पॅरिसचा क्लब १९७० साली स्थापन झाला, २०११ साली कतारच्या पैशाने तो विकत घेतला, आणि २०२५ साली युरोपचा चषकही आणला. हे मी नाकारीत नाही. पैशाने खेळाडू येतात, खेळाडूंनी सामने जिंकता येतात. माझे म्हणणे एवढेच, की क्लबाची परीक्षा पैसा येतो त्या दिवशी होत नाही, पैसा जातो त्या दिवशी होते. मँचेस्टर सिटीचे नाव आज श्रीमंतीसाठी घेतात. अबूधाबीची दौलत तेथे आली २००८ साली. पण त्याआधी, १९९८-९९ च्या हंगामात, हा क्लब तिसऱ्या श्रेणीत धडपडत होता. तेव्हाही घरच्या मैदानावर सरासरी पंचवीस हजारांहून अधिक लोक येत होते. त्या क्लबाची खरी ठेव ती होती. तिच्यावर कोणत्या बँकेने व्याज दिले असते, ते जावईबापूंनी मला सांगावे.

तिजोरीचे राज्य किती टिकते, याचा एक प्रयोग २०२१ च्या एप्रिल महिन्यात होऊन गेला. युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांच्या धन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. म्हणजे आम्ही श्रीमंत श्रीमंतांशीच खेळणार, आणि आमच्यातल्या कायमच्या सभासदाला घसरण्याचे भय नाही. त्या बारांत इंग्लंडचे सहा होते. दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांचे पाठीराखे रस्त्यावर उतरले. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांनी वाट अडवून धरली. आणि सहाच्या सहा इंग्रज क्लब माघारी फिरले! कागदावर मालक एक होते आणि रस्त्यावर मालक दुसरेच निघाले. माझा सगळा वाद या एका दृश्यात येतो.

मी थोरवीचे माप असे मानतो: ज्याला त्याचा धनीसुद्धा बंद करू शकत नाही, तो क्लब थोर. आणि हे माप लावायचा दिवस विजयाचा नव्हे, पराभवाचा.

मँचेस्टर युनायटेडचेच उदाहरण घ्या. १९५८ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या विमानतळावर त्यांचे विमान कोसळले. तेवीस माणसे दगावली, त्यांत आठ खेळाडू होते. संघच उरला नाही म्हणून क्लब मिटला असता तर कोणी दोष दिला नसता. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्याच क्लबाने युरोपचा चषक जिंकला. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती १९७४ सालची. त्या वर्षी युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतल्या या क्लबाच्या मैदानावर देशातल्या पहिल्या श्रेणीपेक्षाही जास्त गर्दी लोटली. घरात दुखणे आले म्हणून माणसे घर सोडून गेली नाहीत, उलट पाव्हणेसुद्धा उशाशी येऊन बसले.

आणि विम्बल्डन! हे नाव टेनिसमुळे आपल्या कानांवर आहे. तेथे फुटबॉलचाही क्लब होता. त्याच्या धन्यांनी तो उचलून सुमारे नव्वद किलोमीटरवर मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचे ठरवले, आणि २००२ साली त्यांना परवानगीही मिळाली. अंबरनाथची संस्था लोणावळ्याच्याही पलीकडे नेऊन ठेवावी, तसे हे. विम्बल्डनच्या लोकांनी काय केले? रडून घरी बसले नाहीत. काही आठवड्यांत त्यांनी आपला नवा क्लब काढला, गावच्या माळावर खुली चाचणी घेऊन खेळाडू निवडले, आणि बऱ्याच खालच्या श्रेणीपासून खेळायला सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ साली, ते इंग्लंडच्या मुख्य लीगमध्ये परत आले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या जुन्या गल्लीत नवे मैदान बांधून घरी पोचले. त्यांच्या कपाटात युरोपचा चषक नाही. पण हा क्लब लहान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता जरा आपल्या अंगणात या. दुसऱ्याच्या घरचे वैभव सांगताना आवाज चढतो, तो येथे उतरवावा लागतो.

मुंबईत महिंद्र कंपनीचा फुटबॉल संघ होता, १९६२ सालापासूनचा. पुढे त्याचे नाव महिंद्र युनायटेड झाले. त्याने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, म्हणजे तो साऱ्या देशात पहिला आला. नातवाच्या मापाने हा मोठा क्लब, आणि पाठीशी भक्कम कंपनी, म्हणून जावयाच्या मापानेही मोठाच. २०१० साली कंपनीने तो बंद केला. संपले. त्यासाठी मुंबईत कोठे वाट अडवली गेल्याचे मी तरी ऐकले नाही. मुंबई एफसी २००७ साली निघाला, २०१७ साली राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला आणि तेथेच त्याचा गाशा गुंडाळला गेला. मँचेस्टरमध्ये घसरणीने गर्दी वाढली, आमच्याकडे घसरणीने कुलूप लागले. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद पडला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. थोडे पाठीराखे हळहळले असतील. पण माळावर चाचणी घ्यायला कोणी जमले नाही.

गोव्यात मात्र थोडे निराळे घडले. धेंपो क्लबाने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले होते. २०१६ साली त्याने आणि साळगावकर, स्पोर्टिंग या आणखी दोन गोवेकर क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. पण गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये धेंपो खेळतच राहिला, आणि २०२४ साली पुन्हा राष्ट्रीय लीगमध्ये आला. कारण गोव्यात फुटबॉल गावच्या माणसांच्या अंगात आहे. वरून फांदी छाटली तरी बुंधा जमिनीत होता.

येथे कोणी शहाणा म्हणेल, “अहो, युरोपातले क्लब गिरण्या-कारखान्यांतून उगवले. आपल्याकडे तसे वातावरण कोठे होते?” या आक्षेपाला उत्तर द्यायला मला अंबरनाथच्या बाहेर जावे लागत नाही. लंडनचा आर्सेनल क्लब १८८६ साली काढला तो वूलिचच्या तोफखान्यातल्या, म्हणजे तेथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या, कामगारांनी. त्यांच्या निशाणीवर अजून तोफ आहे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे! मँचेस्टर युनायटेड १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने जन्मला, तो रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात. आमचा तर सारा जन्म रेल्वेच्या डब्यात जातो. हॉलंडचा पीएसव्ही १९१३ साली फिलिप्स या दिव्यांच्या कंपनीतल्या नोकरांसाठी निघाला आणि १९८८ साली युरोपचा विजेता झाला. त्यांच्या गावी दिवे होत, तर आमच्या गावी विमकोच्या आगपेट्या होत. तोफ होती, रूळ होते, काडीही होती. पेटले नाही एवढेच.

का पेटले नाही? कंपनीने संघ काढणे हे पाप नव्हे. पाप हे, की आइंडहोवनच्या लोकांनी कंपनीचा संघ आपला करून घेतला, आणि आपण कंपनीचा संघ कंपनीचाच ठेवला. कूपरेजवर सामना असला तर तो ‘त्यांचा’ सामना, आपण फार तर पास मिळाला तर जाणार. रोव्हर्स चषक हा १८९१ सालचा, आपल्या मुंबईचा, देशातल्या सर्वांत जुन्या चषकांपैकी एक. या शतकाच्या आरंभी तो बंद पडला. त्याचे आपल्या किती घरांत सुतक पाळले गेले? मी माझ्यापासून सुरुवात करतो: माझ्या घरात नाही. मला ती बातमी मागाहून कळली. धन्यांना दोष देणे सोपे आहे. पण जे बंद करताना एकही माणूस आडवा येत नाही, ते बंद करण्याबद्दल धन्याला किती बोल लावायचा?

उल्हासनगरची गोष्ट तर मनाला अधिक लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्याच काळात तिकडे पूर्व बंगालमधून तशीच कुटुंबे कलकत्त्याला आली. त्यांचेही गाव गेले, घर गेले, नदी गेली. पण त्यांना कलकत्त्यात एक गोष्ट आयती सापडली: १९२० सालापासून तेथे ईस्ट बंगाल नावाचा फुटबॉल क्लब होता. नकाशावरून पुसून गेलेले आपले गाव त्यांनी त्या क्लबाच्या लाल-सोनेरी जर्सीत ठेवून दिले. मोहन बागानशी सामना असला, की निर्वासिताला वाटे, आज आपले गाव मैदानात उतरले आहे. आमच्या सिंधी बांधवांना असा क्लब सापडला नाही. त्यांनी रिकाम्या हातांनी बाजार उभा केला, शाळा-कॉलेजे काढली, जीन्स शिवल्या. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी थट्टा आपण वर्षानुवर्षे केली. पण रविवारी संध्याकाळी ज्याच्यासाठी सिंध्याने, मराठ्याने आणि आगऱ्याने एकाच कठड्याला टेकून घसा फोडावा, असे काही या तीन गावांत आपण मिळून उभे केले नाही. ही थट्टेची गोष्ट नव्हे.

संस्था काढणे आपल्या रक्तातच नाही, असेही कोणी मला सांगू नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, म्हणजे मँचेस्टर युनायटेडपेक्षा चौदा वर्षांनी वडील! ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, लिव्हरपूल क्लबाहून अवघे एका वर्षाने धाकटे. ही घरे कोणा एका शेठजीच्या लहरीवर उभी नाहीत. ती सभासदांच्या वर्गणीवर उभी आहेत. बार्सिलोना क्लबाचे लाखाहून अधिक वर्गणीदार सभासद आहेत, आणि तेच आपला अध्यक्ष निवडतात, हे ऐकून नातवाचे डोळे विस्फारले. मी म्हटले, “अरे, यात नवल काय? आपले वाचनालय असेच चालते, आपला गणपती असाच बसतो.” सभासदांच्या हातात कारभार असला म्हणजे चुका होत नाहीत असे नव्हे. बार्सिलोना कर्जात बुडाला आणि २०२१ साली मेस्सीला डोळे पुसत निरोप घ्यावा लागला. पण क्लब राहिला. आपले गणेश मंडळही दर वर्षी हिशेबावरून भांडते आणि दर वर्षी गणपती बसतो. जे आपण ग्रंथांसाठी केले, गणपतीसाठी केले, ते मैदानासाठी का करू नये?

आमच्या गावातले शिवालय १०६० सालचे, शिलाहारांच्या राजवटीतले. त्याचा खर्च कोणत्या राजाने केला, हे महाशिवरात्रीच्या रांगेतल्या शंभरांपैकी पाचांना ठाऊक नसेल. राजा गेला, त्याचे घराणे गेले, खजिना गेला. देऊळ मात्र ‘आमचे’ आहे, कारण साडेनऊशे वर्षे माणसांचे पाय तिकडे वळत राहिले. बांधणारा धनी एक असतो आणि टिकवणारे पाय लाखो असतात. क्लबाचेही असेच आहे.

आता नातवाच्या जर्सीकडे परत येतो. ती नकली होती, पण तिच्यातले प्रेम नकली नव्हते. रात्री साडेबारा वाजता उठून, आईला जाग येऊ नये म्हणून फोनचा आवाज बंद करून, तो दूरच्या माद्रिदचा सामना पाहतो. संघ हरला तर सकाळी दूध घेत नाही. हे पाहून मी त्याला हसणार नाही, आणि ‘परक्यांचे वेड’ म्हणून रागावणारही नाही. मुलाच्या पोटात भूक आहे. घरी ताट वाढलेले नसेल, तर पोर शेजारी जेवायला जाणारच. लाज पोराला वाटायची, की घरच्यांना?

पाडव्याच्या त्या भांडणात शेवटी त्याने मला एकच प्रश्न विचारला आणि माझी बोलती बंद केली. तो म्हणाला, “आजोबा, मान्य. ज्याला कोणी बंद करू शकत नाही तो मोठा. मग आपला क्लब कुठला?”

मी बायकोकडे पाहिले, तिने ताटे उचलायला घेतली. जावईबापूंनी पाणी मागितले.

वाचकहो, या दिवाळीत मी त्याला उत्तर द्यायचे ठरवले आहे, आणि ते तोंडाने द्यायचे नाही. आपल्या तिन्ही गावांत इमारतींच्या मधून अजून थोडी मोकळी जमीन उरली आहे. रविवारी सकाळी तेथे पोरे दोन विटांचे गोल करून खेळतात. त्यांना रेघा आखलेले मैदान नाही, पंच नाही, आणि पाहणारा तर कोणीच नाही. मी त्या मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहणार आहे. जो संघ हरत असेल त्याच्या बाजूने. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. कोणी वही घेऊन वर्गणी मागायला आला, तर गणपतीला देतो तेवढी देणार आहे. आणि त्या जमिनीवर उद्या कोणी कुंपण घालायला आला, तर निदान एक म्हातारा तरी वाटेत उभा असेल.

एकट्या म्हाताऱ्याने क्लब होत नाही, हे मला कळते. पण चेल्सीच्या मैदानाबाहेरसुद्धा पहिला माणूस एकटाच आला असेल. दुसऱ्या माणसाची जागा मी राखून ठेवतो आहे. फराळ आटोपला, की या.